भूतकालवाचक धातुसाधित व शब्दक्रमविपर्यय (इंग्रजी व्याकरण)

भूतकालवाचक धातुसाधित हे इंग्रजी क्रियापदापासून बनणारे, परंतु स्वतः वाक्य पूर्ण न करणारे रूप आहे. इंग्रजीत त्याला ‘पास्ट पार्टिसिपल’ म्हणतात. महाराष्ट्रातील शाळांत ते ‘क्रियापदाचे तिसरे रूप’ या नावाने ओळखले जाते. ‘गो–वेंट–गॉन’ किंवा ‘राइट–रोट–रिटन’ या मालिकांतील शेवटचे रूप म्हणजे हे धातुसाधित होय. शब्दक्रमविपर्यय म्हणजे कर्त्यानंतर क्रियापद हा नेहमीचा क्रम बदलून क्रियापद किंवा साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी ठेवणे.

हे दोन विषय पाठ्यपुस्तकांत सहसा वेगवेगळ्या धड्यांत येतात. प्रत्यक्ष इंग्रजी लेखनात मात्र ते वारंवार एकत्र आढळतात. मराठी भाषकाला या रचना कठीण वाटतात, याचे मुख्य कारण दोन भाषांच्या बांधणीतील फरक हे आहे. शब्दांचे परस्परसंबंध मराठी बहुतांशी प्रत्ययांनी दाखवते, तर इंग्रजी ते बहुतांशी स्थानाने दाखवते. त्यामुळे मराठीत क्रम बदलला की सहसा केवळ भर बदलतो. इंग्रजीत क्रम बदलला की वाक्याचा प्रकार बदलतो, आणि कित्येकदा अर्थही बदलतो.

या लेखातील बहुतेक उदाहरणवाक्ये पालघर जिल्ह्यातील डहाणू रोड व तलासरी परिसरातील नेहमीच्या प्रसंगांवर रचलेली आहेत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत.

उगम

इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातील आहेत. त्यांच्या धातुसाधितांचे मूळही एकच आहे. संस्कृतात भूतकालवाचक धातुसाधित मुख्यतः ‘त’ व ‘न’ या दोन प्रत्ययांनी बनते. कृत, गत, श्रुत, ज्ञात ही पहिल्या प्रकारची उदाहरणे होत. पूर्ण, भिन्न, जीर्ण ही दुसऱ्या प्रकारची. इंग्रजीतील नियमित रूपांच्या अखेरचा ‘ड’ किंवा ‘ट’ हा ध्वनी पहिल्या प्रत्ययाचा दूरचा भाऊबंद आहे. ‘रिटन’, ‘ब्रोकन’, ‘गिव्हन’ या रूपांतील अंत्य ‘न’ दुसऱ्या प्रत्ययाच्या घराण्यातील आहे. इंग्रजीतील ‘फुल’ हा शब्द आणि संस्कृतातील ‘पूर्ण’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज मानले जातात.

मराठीतील ‘केला’, ‘गेला’, ‘लिहिली’ ही भूतकाळाची रूपेही मूळची धातुसाधितेच आहेत. संस्कृतातील ‘तेन पत्रं लिखितम्’ या रचनेत ‘लिखितम्’ हे धातुसाधित कर्माचे लिंग व वचन धारण करते. प्राकृतात अशा रूपांना ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि त्यातून मराठीचा ‘ल’ आला. म्हणूनच ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ या वाक्यात क्रियापद ‘तो’ या कर्त्याशी न जुळता ‘चिठ्ठी’ या कर्माशी जुळते. मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात.

इंग्रजीनेही अशीच एक वाट चालली आहे. प्राचीन इंग्रजीत ‘हॅव्ह’ या क्रियापदासोबत येणारे धातुसाधित हे मूलतः कर्माचे विशेषण होते, आणि कधीकधी त्याला कर्माशी जुळणारे प्रत्ययही लागत. ‘माझ्याजवळ चिठ्ठी लिहिलेली अशी आहे’ हा त्या रचनेचा मूळ भाव. पुढे प्रत्यय गळाले, धातुसाधित कर्माच्या आधी येऊन ‘हॅव्ह’ला चिकटले, आणि ‘आय हॅव्ह रिटन अ लेटर’ हा पूर्णकाळ सिद्ध झाला. जुना क्रम वेगळ्या अर्थाने आजही टिकून आहे. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे ‘मी स्वतः केस कापले होते’. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे ‘मी केस कापून घेतले’. दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत. धातुसाधित कर्माच्या आधी आहे की नंतर, एवढ्यावरून कात्री कोणाच्या हाती होती ते ठरते.

रूपे

नियमित इंग्रजी क्रियापदांची दुसरी व तिसरी रूपे सारखीच असतात. त्यांचा लेखनातील प्रत्यय एकच असला तरी उच्चार तीन आहेत. धातूच्या अखेरीस अघोष ध्वनी असल्यास ‘ट’ ऐकू येतो, जसे ‘पॅक्ट’ (लेखनानुसार ‘पॅक्ड’). सघोष ध्वनी असल्यास ‘ड’ ऐकू येतो, जसे ‘क्लोज्ड’. धातूच अखेर ‘ट’ किंवा ‘ड’ने होत असल्यास ‘इड’ असा स्वतंत्र अवयव होतो, जसे ‘प्लांटेड’.

अनियमित क्रियापदांचे ढोबळ गट पुढीलप्रमाणे आहेत:

१. तिन्ही रूपे समान: कट–कट–कट, पुट–पुट–पुट.
२. दुसरे व तिसरे रूप समान: बाय–बॉट–बॉट, सेंड–सेंट–सेंट.
३. पहिले व तिसरे रूप समान: कम–केम–कम, रन–रॅन–रन.
४. तिन्ही रूपे भिन्न: ब्रेक–ब्रोक–ब्रोकन, सी–सॉ–सीन.

मराठीतील धातुसाधिताप्रमाणे इंग्रजीतील धातुसाधिताला लिंग, वचन किंवा विभक्ती यांचा विकार होत नाही. ‘तुटलेला’, ‘तुटलेली’, ‘तुटलेले’, ‘तुटलेल्या’ या सर्वांसाठी इंग्रजीत ‘ब्रोकन’ हे एकच रूप पुरते. त्यामुळे ते कोणत्या नामाचे आहे हे त्याच्या रूपावरून कळत नाही. ते त्याच्या जागेवरून ओळखावे लागते.

कार्ये

इंग्रजीत हे धातुसाधित पुढील कामे करते.

पूर्णकाळ. ‘हॅव्ह’, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’सोबत ते पूर्ण झालेली क्रिया दाखवते. ‘द ट्रेन हॅज लेफ्ट’, म्हणजे गाडी सुटली आहे.

कर्मणी रचना. ‘बी’ या क्रियापदाच्या रूपांसोबत ते कर्माला वाक्याच्या आरंभी आणते. ‘द चिकूज आर सेंट टू मुंबई’, म्हणजे चिकू मुंबईला पाठवले जातात. येथे पाठवणारा सांगितला नाही तरी वाक्य पूर्ण होते.

विशेषण. एकटे धातुसाधित सहसा नामापूर्वी येते: ‘अ ब्रोकन ब्रिज’, मोडलेला पूल. त्याच्यासोबत अन्य शब्द असतील तर ते नामानंतर जाते: ‘अ ब्रिज ब्रोकन बाय द फ्लड’, पुराने मोडलेला पूल. मराठीत दोन्ही ठिकाणी विशेषण नामाच्या आधीच राहते. इंग्रजी परिच्छेद वाचताना मराठी विद्यार्थी दुसऱ्या प्रकारच्या रचनेत अडखळतो, कारण तो ‘ब्रोकन’ला मुख्य क्रियापद समजतो.

वाक्यांश. धातुसाधित एखाद्या लहान वाक्याची जागा घेते. ‘सीन फ्रॉम द हायवे, द हिल लुक्स लाइक अ टॉवर’, म्हणजे महामार्गावरून पाहिली असता टेकडी मनोऱ्यासारखी दिसते. या रचनेचा नियम असा की, आरंभीच्या धातुसाधिताचा संबंध मुख्य वाक्याच्या कर्त्याशी असला पाहिजे. ‘सीन फ्रॉम द हायवे, आय लाइक्ड द हिल’ असे लिहिल्यास महामार्गावरून ‘मी’ पाहिला गेलो, असा अर्थ होतो. मराठीतील ‘पाहिली असता’ ही रचना असे बंधन घालत नाही. त्यामुळे ही चूक मराठी भाषकाच्या हातून सहज होते.

स्वतंत्र वाक्यांश. ‘द वर्क फिनिश्ड, द विमेन वेंट होम’, म्हणजे काम आटोपल्यावर बायका घरी गेल्या. संस्कृत शिकलेल्या वाचकास यात सति सप्तमीचा प्रयोग सहज ओळखू येईल.

मराठीच्या ‘-लेला’ रूपाशी तुलना

‘ब्रोकन’ म्हणजे ‘तुटलेला’ हे समीकरण बऱ्याच ठिकाणी लागू पडते, पण सर्वत्र नाही. मराठीतील ‘-लेला’ हे रूप इंग्रजी धातुसाधितापेक्षा व्यापक आहे. पुढील तीन फरक विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला फरक सकर्मक धातूंचा. मराठीत ‘परीक्षा दिलेले विद्यार्थी’ किंवा ‘चिकू खाल्लेला मुलगा’ असे म्हणता येते. येथे ‘-लेला’ हे रूप क्रिया करणाऱ्याचे विशेषण आहे. इंग्रजीत सकर्मक धातूचे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण म्हणून आले की ते ज्याच्यावर क्रिया झाली त्याचेच असते. ‘द ईटन बॉय’ म्हणजे ‘ज्याला कोणी खाल्ले तो मुलगा’. येथे ‘द बॉय हू हॅज ईटन द चिकू’ असे पूर्ण संबंधी वाक्य योजावे लागते.

दुसरा फरक अकर्मक धातूंचा. ‘आलेली गाडी’, ‘झोपलेले बाळ’ या रचना मराठीत सरळ आहेत. इंग्रजीत ‘फॉलन लीव्ह्ज’ (गळलेली पाने) किंवा ‘अ रिटायर्ड टीचर’ (निवृत्त शिक्षक) यांसारखी स्थितीतील बदल दाखवणारी मोजकी रूपेच नामापूर्वी चालतात. ‘द अराइव्ड ट्रेन’ असे कोणी लिहीत नाही. ‘द ट्रेन दॅट हॅज अराइव्ड’ असेच लिहावे लागते.

तिसरा फरक भावनावाचक धातूंचा. ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला आणि ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळवाणा. मराठीत हे दोन शब्द स्पष्टपणे वेगळे आहेत, तरीही वर्गात ‘आय ॲम बोअरिंग’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. ‘मी कंटाळवाणा आहे’ असा त्याचा अर्थ सांगितला की विद्यार्थी चूक आपणहून दुरुस्त करतात.

मराठीजवळ आणखी एक जुना प्रत्यय आहे: ‘-ईव’. कोरीव, घडीव, पाळीव, राखीव, रेखीव ही रूपे त्यापासून बनतात. रेल्वेच्या डब्यावर इंग्रजीत ‘रिझर्व्ह्ड’ व मराठीत ‘राखीव’ असे लिहिलेले असते. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिल्यास ‘तिसरे रूप’ विशेषण कसे होते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शब्दक्रम आणि त्याचा विपर्यय

मराठीचा स्वाभाविक क्रम कर्ता–कर्म–क्रियापद असा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘आंबा रामाने खाल्ला’, ‘खाल्ला रामाने आंबा’ या तिन्ही वाक्यांत खाणारा रामच आहे, कारण ‘ने’ हा प्रत्यय रामाची भूमिका सांगतो. बदलतो तो केवळ जोर. जेथे प्रत्यय नसतो तेथे मात्र मराठीलाही क्रमाचाच आधार घ्यावा लागतो. ‘साप बेडूक गिळतो’ या वाक्यात गिळणारा कोण, हे पहिल्या जागेवरून व जगाच्या अनुभवावरून ठरते.

इंग्रजीत हा अपवादच नियम आहे. नामांना कर्ता-कर्म दाखवणारे प्रत्यय उरले नसल्याने कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम जवळजवळ पक्का झाला आहे. प्राचीन इंग्रजीत असे नव्हते. तेव्हा आजच्या जर्मनप्रमाणे अनेक वाक्यांत क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याचा कल होता, आणि पहिल्या जागी अन्य शब्द आल्यास कर्ता क्रियापदानंतर जाई. आजचे विपर्ययाचे कित्येक प्रकार हे त्या जुन्या व्यवस्थेचे अवशेष आहेत.

विपर्ययाचे दोन मुख्य वर्ग आहेत. पहिल्यात फक्त साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. दुसऱ्यात संपूर्ण क्रियापदच आधी जाते.

साहाय्यक क्रियापदाचा विपर्यय

प्रश्न. ‘हॅज द ट्रेन लेफ्ट?’ साहाय्यक क्रियापद नसल्यास ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ आणावे लागते. मराठीत प्रश्नासाठी क्रम बदलत नाही. ‘तू कुठे चालला आहेस?’ यात ‘कुठे’ आपल्या जागीच आहे. त्यामुळे ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असा विपर्ययरहित प्रश्न मराठी भाषकाच्या तोंडी येतो. उलट, वाक्याच्या पोटातील अप्रत्यक्ष प्रश्नात विपर्यय नको असताना तो केला जातो. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ याऐवजी प्रमाण इंग्रजीत ‘आय डोन्ट नो व्हॉट हिज नेम इज’ असे हवे.

नकारार्थी शब्द आरंभी आल्यास. नेव्हर, सेल्डम, रेअरली, हार्डली, नो सूनर, नॉट ओन्ली यांसारखे शब्द जोर देण्यासाठी आरंभी आले की विपर्यय अनिवार्य होतो. ‘नेव्हर हॅड द व्हिलेज सीन सच अ फ्लड’, म्हणजे असा पूर गावाने कधीच पाहिला नव्हता.

‘ओन्ली’ने आरंभ होणारी वाक्ये. ‘ओन्ली आफ्टर द स्टॉर्म हॅड पास्ड डिड द बोट्स गो आउट’, म्हणजे वादळ सरल्यानंतरच होड्या समुद्रात गेल्या. यात विपर्यय ‘डिड द बोट्स’ या मुख्य वाक्यात आहे. ‘द स्टॉर्म हॅड पास्ड’ हे गौण वाक्य सरळच राहते.

संकेतार्थ. ‘इफ’ गाळून विपर्यय केला जातो. ‘हॅड द ट्रेन बीन ऑन टाइम, वी वुड हॅव्ह कॉट द बस’, म्हणजे गाडी वेळेवर असती तर आम्हांला बस मिळाली असती. मराठीतही ‘जर’ गाळता येतो, पण ‘तर’ राहतो. इंग्रजीत अट दाखवण्याचे काम बदललेला क्रमच करतो.

सहमती. ‘सो डू आय’ (मीही) आणि ‘नायदर डू आय’ (मीही नाही).

पूर्ण क्रियापदाचा विपर्यय

स्थळ किंवा दिशा दाखवणारा शब्द आरंभी आला आणि क्रियापद अस्तित्व वा गती दाखवणारे असले की पूर्ण विपर्यय होतो. ‘डाउन केम द रेन’, म्हणजे कोसळला पाऊस. कर्ता सर्वनाम असल्यास मात्र हा विपर्यय होत नाही: ‘डाउन इट केम’. कथांमध्ये संवादानंतर येणारे ‘सेड द फॉक्स’ हे रूपही याच वर्गातले.

धातुसाधित आरंभी येणारी वाक्ये

लेखाचे दोन्ही विषय येथे एकत्र येतात. या प्रकारात भूतकालवाचक धातुसाधित, त्यानंतर ‘बी’चे रूप व शेवटी कर्ता असा क्रम असतो.

‘एन्क्लोज्ड इज अ कॉपी ऑफ द सर्टिफिकेट’, म्हणजे सोबत दाखल्याची प्रत जोडली आहे.
‘हिडन बिहाइंड द पाम्स वॉज अ वेल’, म्हणजे ताडांच्या आड दडली होती एक विहीर.
‘गॉन आर द डेज ऑफ द बुलक कार्ट’, म्हणजे बैलगाडीचे दिवस गेले.

या रचनेचा हेतू नवी माहिती वाक्याच्या अखेरीस ठेवणे हा असतो. वाचकाला आधी स्थिती कळते, नंतर वस्तू कळते. क्रियापदाचे वचन मागून येणाऱ्या कर्त्यानुसार ठरते. म्हणून ‘गॉन आर द डेज’, परंतु ‘गॉन इज द फिअर’. मराठीत ‘गेले ते दिवस’ आणि ‘गेली ती भीती’ असे धातुसाधितच बदलते. इंग्रजीत ‘गॉन’ अविकारी असल्याने तो भार ‘आर’ व ‘इज’ यांच्यावर पडतो.

पुढील दोन वाक्यांतील फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

‘पॅक्ड इन बॉक्सेस, द चिकूज वेअर सेंट टू मुंबई.’
‘पॅक्ड इन द बॉक्सेस वेअर द चिकूज.’

पहिल्या वाक्यात धातुसाधित हा केवळ वाक्यांश आहे. त्यानंतर स्वल्पविराम आहे आणि पुढे कर्ता–क्रियापद हा सरळ क्रम आहे. दुसऱ्यात स्वल्पविराम नाही आणि ‘वेअर’ कर्त्याच्या आधी आहे. धातुसाधितानंतर लगेच ‘बी’चे रूप आले तर कर्ता पुढे शोधावा, ही वाचकासाठी सोपी खूण आहे.

मराठीतील पर्यायी साधने

इंग्रजी जे काम विपर्ययाने करते ते मराठी अन्य साधनांनी करते. जोर देण्यासाठी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ ही अव्यये आहेत. ‘नेव्हर हॅव्ह आय सीन’ यातील सारा जोर ‘मी कधीच पाहिले नाही’ यातील एका ‘च’मध्ये येतो. दोन घटना लागोपाठ घडल्याचे दाखवण्यासाठी मराठीत ‘थांबताच’ हे रूप आहे. त्याहून नेमकी अशी ‘थांबते न थांबते तोच’ ही रचनाही आहे. ‘हार्डली हॅड द ट्रेन स्टॉप्ड व्हेन द क्राउड रश्ड इन’ याचे उत्तम मराठी रूप ‘गाडी थांबते न थांबते तोच गर्दी आत घुसली’ हे होय. इंग्रजीतील ‘हार्डली’चा अर्धवट नकार येथे ‘न’ने नेमका पेलला आहे.

मराठी व्याकरणपरंपरा आणि इंग्रजीचा प्रभाव

मराठी व इंग्रजी मुद्रणात शेजारी येऊ लागल्या त्या एकोणिसाव्या शतकात. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ पासून दोन्ही भाषांत निघू लागले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी करण्याची रीत त्यातून रूढ झाली. मोरो केशव दामले यांनी १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात धातुसाधिते व प्रयोग यांची सविस्तर चिकित्सा केली.

शालेय मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोगाचा एक उपप्रकार ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ या नावाने शिकवला जातो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे त्याचे प्रचलित उदाहरण आहे. ‘कडून’ आणि ‘गेला’ यांनी बनलेली ही रचना इंग्रजी कर्मणी वाक्याच्या छायेत रूढ झाली, असे व्याकरणकार सांगतात. ‘रामाने रावण मारला’ ही घरची कर्मणी रचना असताना ‘कडून’ची रचना सर्वत्र वापरल्यास मराठी परकी वाटू लागते. कर्ता अज्ञात असेल किंवा सांगायचा नसेल, तेथे मात्र ती उपयोगी पडते.

कर्त्याचा लोप आणि त्याचे परिणाम

धातुसाधिताच्या कर्मणी रचनेत कर्ता गाळता येतो, ही सोय आहे आणि धोकाही आहे. ‘द लँड वॉज ट्रान्सफर्ड’ या वाक्यात जमीन हस्तांतरित झाली एवढेच कळते. ती कोणी केली, कोणाच्या संमतीने केली, हे वाक्य सांगत नाही. कचेरीतील मराठीतही ‘कळविण्यात येते’, ‘रद्द करण्यात आले’ या रचना हेच करतात.

डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निर्बंध घातले आहेत. याच परिसरात, तलासरीजवळील झरी येथे, मे १९४५ मध्ये वारली शेतकऱ्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला संघटित रूप आले. त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. जेथे कागदावरील मजकुरावर जमिनीचे भवितव्य अवलंबून असते, तेथे वाक्यात गाळलेला कर्ता ओळखता येणे हे केवळ परीक्षेपुरते कौशल्य नव्हे. ‘कोणी?’ हा प्रश्न प्रत्येक कर्मणी वाक्याला विचारावा, हे शिकवणे व्याकरणाच्या तासातच शक्य आहे.

शालेय अध्यापन

महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून सर्व शाळांत इंग्रजी हा विषय २००० पासून सुरू झाला. त्यापूर्वी मराठी माध्यमात इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. माध्यमिक व उच्च माध्यमिक स्तरावर वाक्यरूपांतराच्या प्रश्नांत कर्मणी रचना, ‘नो सूनर–दॅन’, ‘हार्डली–व्हेन’ आणि ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ या रचनांना परंपरेने स्थान आहे.

‘नो सूनर’च्या रूपांतरात एक चूक नेहमी आढळते. ‘नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप’ आणि ‘नो सूनर हॅड द ट्रेन स्टॉप्ड’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. ‘डिड’नंतर पहिले रूप येते, ‘हॅड’नंतर तिसरे. ‘नो सूनर डिड द ट्रेन स्टॉप्ड’ हे त्यांचे मिश्रण अशुद्ध होय. पाठांतराने ही चूक जात नाही. भूतकाळाची खूण ‘डिड’ने आधीच घेतली आहे, ती दुसऱ्यांदा लागत नाही, हे कारण सांगितले की ती टाळता येते.

डहाणू–तलासरी परिसरात हा प्रश्न एका पायरीने वाढतो. येथील मुलांच्या घरी वारली, धोडिया, मांगेली, गुजराती अशा विविध बोली व भाषा बोलल्या जातात. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात वारलीची नोंद मराठीच्या अंतर्गत आहे. तरीही घरची बोली आणि पुस्तकी मराठी यांत अंतर राहतेच. अशा मुलासाठी प्रमाण मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी व्यवस्था असते. ‘तिसऱ्या रूपा’चा अर्थ त्याला ‘-लेला’च्या आधारे सांगितला जातो, तेव्हा तो आधारही त्याच्यासाठी नवा असू शकतो.

मुलाच्या घरच्या भाषेपासून आरंभ करण्याचा विचार या परिसराला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. शाळेत न येणाऱ्या मुलांपर्यंत शाळा नेणाऱ्या अंगणवाडी व कुरणशाळा या प्रयोगांत मुलांचा परिसर हेच पाठ्यसाहित्य होते. तीच दृष्टी इंग्रजी व्याकरणालाही लावता येते. मुलाने ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे विचारले, तर त्याने आपल्या भाषेचा नियम बिनचूक पाळलेला असतो. शिक्षकाने तो नियम प्रथम ओळखावा, फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहावीत आणि मग कोणता शब्द कोठे हलला ते दाखवावे.

डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेवरील मुंबई उपनगरी सेवेचे उत्तरेकडील अखेरचे स्थानक आहे. ही सेवा २०१३ मध्ये विरारपुढे तेथवर वाढवण्यात आली. स्थानकावरील पाट्या, डब्यांतील सूचना, तिकिटांवरील मजकूर आणि दुकानांच्या फलकांवर ‘क्लोज्ड’, ‘रिझर्व्ह्ड’, ‘प्रोहिबिटेड’, ‘अलाउड’ अशी धातुसाधिते सर्वत्र दिसतात. पुस्तकातील तक्ता उघडण्यापूर्वी ही रूपे गोळा करून त्यांपुढे ‘बंद’, ‘राखीव’, ‘मनाई’, ‘परवानगी’ असे घरचे शब्द लिहिणे हा अध्यापनाचा सोपा आरंभ ठरतो. मराठीत यांतील कित्येक ठिकाणी धातुसाधित नसून नाम किंवा विशेषण आहे, हेही त्यातूनच विद्यार्थ्याच्या ध्यानी येते.

वाचकासाठी खुणा

लांब इंग्रजी वाक्याचा अर्थ लावताना पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम काळ दाखवणारे क्रियापद शोधावे. तिसरे रूप एकटे असेल तर ते वाक्याचे मुख्य क्रियापद असू शकत नाही. मात्र नियमित क्रियापदांत दुसरे व तिसरे रूप सारखे दिसते, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर कर्ता शोधावा, आणि तो क्रियापदाच्या डावीकडे नसल्यास उजवीकडे पाहावे. आरंभी नकारार्थी शब्द, ‘ओन्ली’, स्थळवाचक शब्द किंवा धातुसाधित असल्यास विपर्ययाची शक्यता गृहीत धरावी. शेवटी, कर्मणी वाक्यात क्रिया करणारा सांगितला आहे की गाळला आहे, ते तपासावे.